स्वतःला बाहेर ठेवा

वर्गातल्या भिंतीवरचं घड्याळ मी माझ्या स्कार्फने झाकून टाकायची आणि विचारायची, "सांगा, किती वाजले?" अमेरिकेच्या औद्योगिकीकरणाचा पहिला तास माझ्याकडे दरवर्षी असाच सुरू व्हायचा. मनगटावरची घड्याळं काढून ठेवायची, मोबाइल पिशवीत टाकायचे आणि एकेकाने अंदाज करायचा.

दिवसाच्या वर्गातली पोरं यात सपशेल आपटायची. संध्याकाळच्या वर्गाची गोष्ट निराळी. तिथे बसलेल्यांची उमेदीची वर्षं कारखान्यात गेलेली. "चहाची सुट्टी व्हायला आली," जसबीर डोळे मिटून म्हणायची, "माझे गुडघे सांगतात." आणि स्कार्फ काढावा तर सुट्टी खरोखरच तोंडावर आलेली असायची.

"हे घड्याळ तुमच्या गुडघ्यात बसवलं कुणी?" मी विचारायची. आणि तिथून आम्ही अमेरिकेला जायचो.

म्हणजे असं, की गिरण्या आणि रेल्वे येण्याआधी तिथल्या प्रत्येक गावाची दुपार आपापली होती. सूर्य डोक्यावर आला की त्या गावचे बारा. शेजारच्या गावचे बारा जरा मागेपुढे. कुणाचं काही अडत नव्हतं. शेतकरी गाईच्या वेळेने उठत होता, जोडे शिवणारा हातातला जोडा पुरा झाला की दिवस आवरत होता. मग गिरणीची घंटा आली, आगगाडी आली, आणि रेल्वे कंपन्यांनी आपल्या सोयीने देशाचे पट्टे पाडून एकेका पट्ट्याची दुपार एक करून टाकली. सूर्याला कुणी विचारलं नाही. "यंत्र माणसाच्या हाताला लागण्याआधी त्याची घंटा कानाला लागली," असं मी म्हणायची आणि लोक ते वाक्य वहीत उतरवून घ्यायचे. आपली वाक्यं कुणी उतरवून घेतली की मला बरं वाटायचं, हेही आत्ताच सांगून टाकते.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे 'वर्गातल्या गमती' मागितल्या आहेत. गमती आहेत, सांगते. पण त्यांच्या मध्ये एक गोष्ट आहे जी मी कुणालाच धड सांगितलेली नाही, आणि तिला वळसा घालून बाकीचं लिहायला गेले की पेन अडतं. तेव्हा तीही सांगते.

मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका कॉलेजात मोठ्या माणसांना इतिहास शिकवते. पुण्यात ज्युनियर कॉलेजला शिकवत होते. लग्नानंतर नवऱ्यामागून इथे आले, पुन्हा ट्रेनिंग केलं, पुन्हा खडू हातात घेतला. आमच्या कोर्सला 'ॲक्सेस' म्हणतात. ज्यांची शाळा लवकर सुटली त्यांना वर्षभरात विद्यापीठाच्या दारापर्यंत आणून सोडायचं, एवढंच त्याचं काम. नर्स व्हायला निघालेल्या आया असतात, घटस्फोटानंतर पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या बायका असतात. आणि त्या वर्षांत, शहरातले मोटारींचे कारखाने एकामागून एक आवरतं घेत होते तेव्हा, निम्मा वर्ग रिडंडन्सी मिळालेल्यांचा असायचा. रिडंडन्सी म्हणजे नोकरीवरून काढणंच, फक्त हात मिळवून.

या माणसांना अमेरिकेचं काय पडलंय, असं मला सुरुवातीला वाटे. नंतर कळलं की यातच सोय आहे. स्वतःच्या घराची पडझड बघवत नाही. दुसऱ्याच्या घराची माणूस नीट निरखून बघतो.

जसबीर फोल्सहिल रोडवर राहायची. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या खात्यात तिची वर्षानुवर्षं गेली होती. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांमधल्या मुलींचा तास मी घेत होते. शेतकऱ्यांच्या मुली, कंपनीच्या वसतिगृहात राहायच्या, पहाटेच्या घंटेला उठायच्या, रविवारचं चर्च चुकवायची सोय नव्हती. तरी आल्या, कारण पगार बापाच्या नाही, त्यांच्या हातात पडत होता.

जसबीरने हात वर केला. "मॅडमजी, मी पहिल्या पगाराचं पाकीट न फोडता सासूच्या हातात दिलं. दुसऱ्याचंही. तिसऱ्या खेपेला फोडलं, एक लिपस्टिक घेतली आणि मग दिलं."

"सासू काय म्हणाली?"

"म्हणाली, रंग बरा आहे, पुढच्या वेळी मलाही आण."

वर्ग हसला. हसणं ओसरल्यावर तिनेच विचारलं, "त्या गिरण्यांना कापूस कुठून यायचा?"

"दक्षिणेतून. गुलाम वेचायचे."

"पोरींना हे ठाऊक होतं?"

"काहींना होतं. काहींनी गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवर सह्याही केल्या."

"आणि मग?"

"मग सकाळी घंटा झाली की मागावर जायच्या."

जसबीरने वही मिटली. मग म्हणाली, "मीही गेले असते." मी तिच्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं. तेव्हा कौतुक करायला माझं काही जात नव्हतं.

रॉय त्याच वर्षीचे. पन्नाशी कधीच ओलांडलेली, दाढी नीट कातरलेली. आले की कोट काढून खुर्चीच्या पाठीला चढवायचे, ऑफिसात आल्यासारखे. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांचं आयुष्य गेलं होतं. तरुणपणी असेंब्ली लाइनवर, पुढे नियोजनाच्या ऑफिसात. कुठला माल कुणाकडून कधी मागवायचा म्हणजे लाइन थांबणार नाही, हे ठरवणारं टेबल त्यांचं. ते ऑफिसच बंद झालं तेव्हा ते आमच्याकडे आले. त्यांना सोशल वर्क शिकायचं होतं. विद्यापीठाने जागा देऊ केली होती, पण ॲक्सेसचे सगळे विषय सुटले तरच. बाकीचे सुटले होते. राहिला होता माझा.

रॉय वाद घालायचे. कधीकधी चुकीचा घालायचे, आणि चूक कळली तरी पुढच्या आठवड्यापर्यंत कबूल करायचे नाहीत. मला ते आवडायचे, आणि त्यांचा थोडा धाकही वाटायचा. कॉव्हेंट्रीत एकेकाळी घरोघरी घड्याळं बनत. अमेरिकेत ती यंत्रावर निघायला लागली, स्वस्तात इथे येऊन पडली आणि इथल्या कारागिरांचा धंदा बसला. मी हे सांगितलं मात्र, रॉय म्हणाले, "म्हणजे माझ्या पणजोबांना बुडवलं ती हीच अमेरिका. आणि तू मला तिचं कौतुक शिकवतेस."

"कौतुक नाही रॉय, इतिहास."

"हरलेल्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं, लव्ह." इथे 'लव्ह' कुणालाही म्हणतात.

"तुझे पणजोबा बुडाले म्हणून तुझे आजोबा मोटारीत गेले ना?" मागून जसबीर म्हणाली. "मग रडतोस काय?"

"रडत नाहीये. नोंद करून ठेवतोय."

रेल्वे पश्चिमेकडे गेली त्या तासाला मी मोठा नकाशा लावला. रूळ, रुळांच्या दोन्ही अंगांनी कंपन्यांना बहाल झालेल्या जमिनी, गुरांचे बाजार, बघताबघता फुगलेली शहरं. रॉय उठून नकाशापाशी आले आणि बोट ठेवत गेले. "इथे आधी कोण राहत होतं?" मी तिथल्या मूळच्या लोकांची नावं सांगितली. "आणि रूळ टाकले कुणी?" पूर्वेकडून बरेचसे आयरिश, पश्चिमेकडून चिनी. "त्यांना काय मिळालं?" चिनी मजुरांना तर पुढे देशात यायलाच बंदी झाली, मी म्हणाले. "काम झालं, आता निघा," रॉय म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

मग जोडेवाल्यांचा तास आला. हा माझा लाडका तास. मॅसॅच्युसेट्समधले जोडे शिवणारे घराशेजारच्या छोट्या खोपटात काम करायचे. चारपाच जण, त्यातला एक वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा, बाकीचे शिवताशिवता राजकारणावर भांडायचे. एकटा माणूस अख्खा जोडा करू शकायचा. मग व्यापाऱ्याने कामाचे तुकडे पाडले. कापायचं एकाने, वरची बाजू शिवायची बायकांनी घरोघर, तळ ठोकायचा तिसऱ्याने. आणि पुढे एकेका तुकड्याचं यंत्र निघालं.

"यंत्राला जोडा शिवायला शिकवलं कुणी?" मी विचारलं. "जोडेवाल्यानेच. कुणीतरी त्याच्या शेजारी बसून त्याचे हात बघितले."

रॉय मोठ्याने हसले. "माझ्याही शेजारी बसला होता एक."

"कोण?"

"भारतातून आलेला पोरगा. एज म्हणायचो त्याला. आमचं ऑफिस इंडियाला हलणार होतं, तर त्याआधी माझं डोकं हलवायला पाठवलेला. दिवसभर विचारायचा, हे का, ते का, गुरुवारी हा पुरवठादार खोटं का बोलतो. सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा."

"आणि तू सांगत बसलास?" जसबीरने विचारलं. "मी असते तर उलटंसुलटं सांगितलं असतं."

"सांगणार होतो तसंच. पण जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडला. पिवळा भात, त्यात शेंगदाणे, वर लिंबू. मी पाकिटातले बटाट्याचे क्रिस्प्स खात होतो. दुसऱ्या दिवसापासून दोन डबे यायला लागले. आणि एक लोणचं! जबड्याला झिणझिण्या. बायको पाठवते म्हणाला. मी घरी जाऊन माझ्या बायकोला सांगितलं, माझी नोकरी चालली, पण जेवण सुधारलं."

सगळे हसले. मी फळ्याकडे वळले, लिहिलेलं पुसलं आणि तेच पुन्हा लिहिलं.

तो डबा मी भरत होते. तो फोडणीचा भात माझा, लोणचं माझ्या आईने पुण्याहून पाठवलेलं. 'एज' म्हणजे अजित, माझा नवरा. त्याच्या कंपनीत या कामाला 'केटी', नॉलेज ट्रान्सफर, म्हणतात. एखाद्या माणसाशेजारी बसायचं, त्याला काय येतं ते सगळं समजून घ्यायचं, लिहून काढायचं आणि ते पुण्यातल्या टीमच्या हवाली करायचं. मग तो माणूस नसला तरी चालतं. अजित घरी येऊन "रॉय काका" म्हणून त्यांच्या गोष्टी सांगायचा, पण रॉय नावाची माणसं कॉव्हेंट्रीत गल्लोगल्ली. माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी अजितला सांगितलं. तो हरखूनच गेला. "कातरलेली दाढी? खुर्चीला कोट? अगं, तेच ते! त्यांना घरी बोलव ना."

"बोलावून काय सांगू? तुमचं टेबल ज्याने नेलं त्याच्या बायकोकडे तुम्ही शिकायला येता, हे?"

"मी नेलं नाही गं. मला पाठवलं होतं."

"जोडेवाल्याशेजारी जो बसला होता, तोही हेच म्हणाला असेल."

हे मी बोलायला नको होतं. अजित ताटावरून उठला नाही, पण पुढे जेवलाही नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मग तू तरी सांग त्यांना." मी म्हणाले, बघते. त्या प्रोजेक्टवर त्याचं इथलं राहणं टिकलं होतं आणि त्याच्या राहण्यावर माझं, माझी नोकरी, माझा तो लाडका तास. हे रॉयना सांगितलं असतं तर काय झालं असतं? बहुधा काहीच नाही. आमची विभागप्रमुख फियोना, तिला सांगितलं असतं तर रॉयचे निबंध तिने दुसऱ्या कुणाकडे तपासायला दिले असते, आणि विषय संपला असता. मी दोघांनाही सांगितलं नाही.

मग निबंध आले. विषय होता, यंत्रांमुळे अमेरिकेतल्या कारागिराच्या आयुष्यात काय बदललं. रॉयचा निबंध बेताचा होता, पण पास होण्याजोगा. शेवटच्या पानावर जोडेवाल्यांबद्दल लिहितालिहिता त्यांनी नवा परिच्छेद घेतला होता. 'याबद्दल मला थोडंफार ठाऊक आहे. माझ्या शेवटच्या महिन्यांत भारतातला एक तरुण माझ्या शेजारी बसायचा...' मी वाचत गेले. भात आला. मी पेन्सिल उचलली आणि त्या परिच्छेदावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली. समासात लिहिलं, 'हा इतिहास नव्हे. पुरावा कुठे? स्वतःला बाहेर ठेवा.' आणि निबंध नापास करून परत पाठवला.

निबंधात 'मी' नको, हा आमच्या विषयातला जुना नियम आहे. नवशिक्याला तो उपयोगीही पडतो. पण त्याच गठ्ठ्यात जसबीरच्या निबंधात सासूची लिपस्टिक होती, आणि तिच्या शेजारी मी 'छान!' असं लिहिलं होतं.

आमच्याकडे नापास निबंध एकदाच पुन्हा लिहून देता येतो. दुसऱ्यांदा नापास झाला की विषय गेला. रॉयनी ठरल्या दिवशी नवा निबंध आणून दिला. मी तो वाचायला घेतला आणि दुसऱ्या पानावर थांबले. भाषा फार गुळगुळीत होती. कपाटातून आमचं पाठ्यपुस्तक काढलं. परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे उतरवलेले होते. हे मला फियोनाला दाखवणं भाग होतं. असली गोष्ट लपवता येत नाही, आणि लपवायची नवी भानगड करण्याचं धैर्यही माझ्यात नव्हतं.

फियोनाच्या खोलीत रॉय ताठ बसले होते. त्या दिवशी कोट अंगातच होता.

"हे तुमचं आहे?" फियोनाने एका वाक्यावर बोट ठेवलं.

"नाही. पुस्तकाचं आहे. हिनेच दिलेलं पुस्तक."

"मग तसं सांगितलं का नाहीत?"

"हिने लिहिलं होतं, स्वतःला बाहेर ठेवा. ठेवलं. आता आत कुणीतरी हवंच ना, म्हणून पुस्तकवाल्यांना घेतलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मला जसं सांगतात तसं मी करतो. आमच्याकडे ड्रॉइंगप्रमाणे माल आला नाही तर परत जायचा."

ते बाहेर गेल्यावर फियोना म्हणाली, "चोरी केलीय असं त्यांना वाटतच नाहीये. पण नियम तुला माहीत आहे, मीनल. तिसरी संधी नाही. त्यांची जागा जाणार."

"पहिला निबंध पास व्हायला हवा होता," मी म्हणाले.

तिने चष्मा काढला. "मग परत का पाठवलास?"

"नियम जरा जास्तच ताणला मी."

"तू? जसबीरचा निबंध पाहिलाय मी. तू तर सासूची लिपस्टिक पास करतेस."

ती थांबली. तिने मला खरोखर वेळ दिला. सगळं माझ्या ओठांशी आलं होतं, भात, डबे, अजित. मी म्हणाले, "थकले होते. गठ्ठा मोठा होता."

फियोनाने पहिल्या निबंधाची कॉलेजातली प्रत एका दुसऱ्या शिक्षिकेकडे पाठवली. तिने तो पास केला. माझ्या तपासणीत चूक झाली अशी नोंद झाली, मला वरून चार शब्द ऐकावे लागले, आणि रॉयची जागा वाचली. वर्षअखेरीच्या चहापानाला ते कपबशी सांभाळत माझ्यापाशी आले. "एक सांग. तो पहिला निबंध बरा होता की नव्हता?"

"काही तांत्रिक मुद्दे होते," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ऑफिस बंद झालं त्या दिवशी त्यांच्याशी कुणीतरी याच आवाजात बोललं असणार. ती भाषा त्यांना चांगली ओळखता येत होती.

इथे हे संपलं असतं. जागा वाचली, माणूस विद्यापीठात गेला, सोशल वर्कर झाला. मी मनाची समजूत घातली होती की शेवट गोड झाला. अलीकडे फोल्सहिल रोडवर जसबीर भेटली. तीही आता एका शाळेत आहे, मुलांना वाचायला मदत करते. रॉयचा विषय निघाला. "काम फार छान करतो म्हणतात," ती म्हणाली. "लोक त्याच्याशी बोलतात. पण रिपोर्ट लिहायचा म्हटला की घाम फुटतो त्याला. कुणाला तरी दाखवल्याशिवाय एक ओळ पुढे पाठवत नाही. म्हणतो, मला लिहिता येत नाही, कॉलेजात सांगितलं होतं."

मी घरी जाऊन अजितला म्हणाले, "मी रॉयकडे जातेय."

"मी येऊ?"

"नको. हे माझं आहे."

रविवारी दुपारी गेले. त्यांची बायको चर्चच्या कॉयरमध्ये गायला गेली होती. रॉयनी किटली लावली, मला स्वयंपाकघरातच बसवलं. मी आधी अजितचं सांगितलं. ते टेबलावर हात आपटून हसायला लागले. "म्हणजे ते लोणचं तुझं? मला मारायचा बेत होता काय? कसा आहे तो पोरगा? मुलंबाळं?" एक मुलगी आहे, मी म्हणाले. "अरे वा. मग हे एवढं तोंड पाडून का बसलीयेस? त्याला पाठवलं होतं. तो नसता आला तर दुसरा आला असता, आणि तो क्रिस्प्ससुद्धा न विचारता एकटा खात बसला असता."

मग मी निबंधाचं सांगितलं. रेघ का मारली, ते. जसबीरच्या लिपस्टिकचं. फियोनाला सांगितलेलं, आणि न सांगितलेलं.

रॉयचं हसू गेलं. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला, स्वतःचा घेतला नाही.

"तो परिच्छेद तू शेवटपर्यंत वाचला होतास?"

"नाही," मी म्हणाले. "भातापर्यंत."

हे मी त्या क्षणापर्यंत स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

"तुला वाटलं, मी तुमच्याबद्दल लिहिलंय."

"हो."

"तो माझ्याबद्दल होता, मीनल." ते उभेच होते, ओट्याला टेकून. "त्या टेबलावर मी काय करतो हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. त्या पोराने विचारलं. आणि सांगताना मला कळलं की मला सांगता येतं. समोरच्याच्या डोक्यात उजेड पडेपर्यंत, न चिडता. नोकरी संपायच्या वेळी मला कळलं, मी कशात चांगला आहे ते. म्हणून मी सोशल वर्कला चाललो होतो. शेवटी लिहिलं होतं की त्या जोडेवाल्यालाही असंच काहीतरी वाटलं असेल, म्हणून त्याने शिकवलं. तो काही मूर्ख नव्हता."

इतकी वर्षं मी तो तास घेतला. जोडेवाला फसवला गेला, असंच शिकवत आले, आणि लोक ते वहीत उतरवून घेत गेले. त्याला शिकवताना आनंद झाला असेल, हे माझ्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

"तो कागद आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"नाही. कॉम्प्युटरवर होतं ते मीच पुसलं. तू म्हणालीस म्हणून."

कॉलेज जुने निबंध ठेवत नाही. तोही गेला.

"पुन्हा लिहाल?"

"नाही जमणार," ते म्हणाले. "तेव्हा जमलं होतं."

चांगलं होतं का ते, असं त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि न वाचलेल्या लिखाणाला चांगलं म्हणायची मलाही हिंमत झाली नाही. त्यांना लिहिता येतं, एवढंच मी सांगितलं; भातापर्यंत तरी मी श्वास रोखून वाचलं होतं, हेही. त्यांनी ऐकून घेतलं. त्यावर त्यांचा विश्वास बसला की नाही, मला सांगता येत नाही.

निघताना मी म्हणाले, "हे सगळं मी लिहिणार आहे. आमच्या लोकांच्या एका अंकात, मराठीत. तुमची हरकत नसेल तर. नाव बदलते तुमचं."

माझा अर्धा प्यालेला चहा सिंकमध्ये ओतून ते कप विसळत होते. पाठमोरेच म्हणाले, "रॉयच लिही. तेवढं तरी राहू दे."